चौथ्या बोल्टाचे आटे

१

मंगळवारी सकाळी चहाचा दुसरा मग संपवून हॉरेस फॉक्सॉल घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेला आणि त्याने रॉकेलच्या डब्यातून चार बोल्ट बाहेर काढले. रविवारपासून ते भिजत पडले होते. पस्तीस वर्षांची ग्रीस आणि गंज काही एका रात्रीत सुटत नाही, आणि घाई करणाऱ्याच्या हाती बोल्ट कमी आणि तुकडेच जास्त येतात, हे डार्लस्टनमध्ये शेंबडं पोरही सांगेल. अख्खं गाव नट-बोल्टवर जगलेलं. हॉरेसने तिथल्याच एका कारखान्यात चव्वेचाळीस वर्षं काढली होती, आणि निवृत्त झाल्यावरही बोल्टांनी त्याची पाठ सोडली नव्हती. आता तो जुन्या मोटारींचे बोल्ट साफ करून द्यायचा. मोटारी महायुद्धाच्या आधीच्या, त्या बनवणारे कारखाने केव्हाच बंद पडलेले. तसा बोल्ट नवा मिळत नाही, म्हणून जुन्याचेच आटे जपायचे.

कामाची रीत ठरलेली. आधी रॉकेल, मग पितळी ब्रश, मग उत्तरेच्या खिडकीखाली भिंग. आटा कुठे दबला असेल तर तिथे बारीक कानस. शेवटी अंगठ्याचं नख आट्यांवरून ओढायचं. नख कुठे अडखळलं नाही की बोल्ट पास. पास झालेला बोल्ट एका पुठ्ठ्यात खोचायचा. पुठ्ठ्यावर मोटारीच्या त्या भागाचं चित्र आणि भोकं जिथल्या तिथे, कारण ज्या भोकातून बोल्ट निघाला त्याच भोकात तो परत जायला हवा. दोघं एकमेकांना घासून घासून सरावलेले असतात, जोडी मोडली तर दोघंही बिघडतात, असं हॉरेस म्हणायचा. त्याच्या बायकोला, एल्सीला, हे वाक्य इतकं पाठ झालं होतं की तो तोंड उघडायच्या आत ती ते पुरं करायची.

हे चार बोल्ट स्टिअरिंगच्या डब्याचे होते; चाकं वळवणारा तो डबा या चौघांनीच धरून ठेवलेला. तीन विनातक्रार साफ झाले. चौथ्यापाशी तो थांबला.

आट्याला दोन उतार असतात. एकाचं तोंड बोल्टाच्या डोक्याकडे, दुसऱ्याचं टोकाकडे. बोल्ट आवळला की डोकं त्याला बाहेर खेचतं, म्हणून सगळा भार डोक्याकडच्या उतारावर येतो आणि झिजतोही तोच. दुसऱ्या उताराला जन्मभर काम नसतं. घरजावयासारखा तो आयता बसून असतो. या बोल्टावर नेमकं उलटं होतं. डोक्याकडचा उतार कोरा करकरीत आणि टोकाकडचा झिजून पात्यासारखा धारदार झालेला.

असं व्हायचं तर बोल्ट कुणीतरी आतून ओढायला हवा, भोकाच्या बुडाकडून. आणि भोकाच्या बुडाशी तर भरीव ओतीव लोखंड होतं.

हॉरेसने भिंग पुसलं, चष्मा पुसला, आणि पुन्हा पाहिलं. मग त्याने बोल्ट पुठ्ठ्यात न खोचता बाजूला ठेवला.

२

दहाच्या सुमाराला लेन आला. लेन म्हणजे एल्सीचा धाकटा भाऊ. दोन गल्ल्या सोडून त्याचं गॅरेज होतं. मोटार त्याची स्वतःची. एका विधवेकडून कोंबड्यांच्या खुराड्यासकट विकत घेतलेली दोन माणसांची उघडी गाडी, तीन वर्षं खपून त्याने ती उभी केली होती. येत्या शनिवारी जुन्या मोटारवाल्यांची मिरवणूक वेस्टनच्या समुद्रापर्यंत जाणार होती. लेन चालवणार आणि शेजारी एल्सी बसणार, हे तीन महिन्यांपासून ठरलेलं होतं. एल्सीने डोक्याला बांधायला निळा रुमालही आणून ठेवला होता.

"काय म्हाताऱ्या, पोरं तयार झाली का?" लेनने विचारलं.

"तीन झाली. हे बघ जरा."

लेनने भिंग डोळ्याला लावलं. बराच वेळ पाहून तो म्हणाला, "मला तर बोल्ट दिसतोय."

"उलट्या बाजूने झिजलाय."

"युद्धाच्या दिवसांत कुणीतरी अमेरिकन टॅपने आटे पाडून ठेवले असतील त्या भोकात. त्यांच्या आट्याचा कोन निराळा. दिसायला सारखं आणि बसायला वाकडं. तूच नाही का सांगत होतास, त्या भानगडीत किती मोटारींचं वाटोळं झालं ते?"

हे खरं होतं. हॉरेसने असले बोल्ट शेकड्यांनी पाहिले होते, आणि त्यातला एकही असा झिजलेला नव्हता. पण लेनच्या म्हणण्यावर विश्वास ठेवणं सोयीचं होतं, म्हणून त्याने मान डोलावली.

लेनने निघताना भिंग परत दिलं आणि त्याची नजर हॉरेसच्या हातावर गेली. उजव्या हाताची तीन बोटं पेरापर्यंत पांढरीफटक होती, मेणबत्तीसारखी. घासायच्या चाकापाशी उभे राहिलेल्या बऱ्याच जणांचं असंच होतं. आधी थंडीपुरतं होतं, मग कायमचं. हॉरेसने हात खिशात घातला.

"बोटं कशी आहेत?" लेन म्हणाला.

"जागेवर आहेत."

"तसं नाही रे. तुला झेपत नसेल तर सांग. कुणी काही म्हणणार नाही."

हेच हॉरेसला नको होतं. कुणी काही म्हणणार नाही, फक्त बोल्ट यायचे बंद होतील. मग सकाळी दुसरा चहा झाल्यावर माणसाने जायचं कुठे?

३

बुधवारी तो गॅरेजात गेला. मोटारीची पायफळी काढून ठेवलेली होती. स्टिअरिंगचा डबा जिथे बसतो तो ओतीव ठोकळा खाली उघडा पडला होता. ठोकळ्याची जाडी पावणेदोन इंच, त्यात सव्वा इंच खोलीची चार भोकं. लेन पुढच्या बाजूला रेडिओ लावून दिव्याच्या काचा पुसत बसला होता.

भोकातले आटे साफ करायला हॉरेसने टॅप, म्हणजे आटे पाडायचं खाचांचं हत्यार, लावला. हे काम तो हातानेच करायचा, मागचे वजा करत फेरे मोजत. पुढे एक फेरा, मागे अर्धा. मागच्या अर्ध्याने कचरा तुटतो आणि टॅप अडकत नाही. पंधराव्या वर्षी त्याच्या मुकादमाने हे त्याच्या हातात मुरवलं होतं आणि ते झोपेतही सुटलं नसतं. इंचाला वीस आटे, म्हणजे सव्वा इंचाला पंचवीस फेरे. पहिली तीन भोकं बरोबर पंचविसाव्या फेऱ्याला बुडाशी टेकली आणि त्यांतून अपेक्षेप्रमाणे काळा चिखल निघाला.

चौथं पंचविसाला टेकलं नाही. सव्विसाला नाही, तिसाला नाही. एकतिसाव्याला हॉरेस थांबला आणि टॅप बाहेर काढला. टॅपच्या खाचांत चिखल नव्हता. लोखंडाचा कीस होता, ताजा, पांढरा चमकणारा. साफसफाईच्या टॅपने कीस निघत नाही. कीस निघतो तो कोऱ्या लोखंडात नवा आटा कापताना. आणि त्याच्या हाताला तर काही कापल्याचा जोर लागला नव्हता.

कुणीतरी आधी खोल भोक पाडून ठेवलं असेल, त्याने स्वतःला समजावलं. आणि जोर लागला नाही म्हणावं, तर ज्या बोटांना परवा गरम किटली कळली नाही त्यांना जोर काय कळणार?

त्याने पुन्हा टॅप घातला. छत्तिसाव्या फेऱ्याला तो थांबला, कारण पस्तिसाव्याला ठोकळा संपायला हवा होता. टॅपचं टोक पलीकडून बाहेर यायला हवं होतं. त्याने डावा हात, चांगला हात, ठोकळ्याच्या मागे घातला आणि चाचपून पाहिलं. मागची बाजू सलग होती. रंगाचा टवकासुद्धा उडाला नव्हता.

"लेन, जरा रेडिओ बंद कर," तो म्हणाला.

लेनने बंद केला. हॉरेसने टॅपवरचा हात काढला आणि कान खाली नेला. लोखंडाच्या आत बारीक कुरकुर झाली, एका फेऱ्याएवढी. मग त्याच्या निम्मी.

"काय झालं?"

"काही नाही. लाव परत."

४

त्याने त्या भोकासाठी नवा बोल्ट घडवला. गुरुवारी सकाळी नवा एक आणि जुने तीन, चारही बसवले आणि आवळले. मग नेहमीप्रमाणे पिवळ्या रंगात काडी बुडवून प्रत्येक बोल्टाच्या डोक्यावरून खालच्या लोखंडापर्यंत एक सरळ रेघ ओढली. बोल्ट जरा जरी हलला तर रेघ तुटते आणि लांबूनही दिसतं. डार्लस्टनच्या माणसाची ही सही. रेघ ओढली म्हणजे या बोल्टासाठी मी जबाबदार.

दुपारी जेवून तो परत आला तेव्हा तीन रेघा जागच्या जागी होत्या. चौथी तुटली होती. डोक्यावरचा तुकडा पाव फेरा पुढे गेला होता.

मागे गेला असता तर गोष्ट वेगळी होती. बोल्ट सैल होतात, ते हादऱ्याने सुटतात, त्यासाठीच तर रेघ. पण आपणहून आवळला जाणारा बोल्ट हॉरेसने उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

"तू हात लावलास का याला?" त्याने लेनला विचारलं.

"मी कशाला लावतोय? तुझं काम आहे, मी तुझ्या कामात बोट घालत नाही."

"पाव फेरा जास्त आवळलाय."

लेनने वाकून पाहिलं आणि हसला. "घट्ट आहे म्हणून रडणारा तू पहिलाच. अरे, सैल असता तर मीच बोंब मारली असती."

"ओढून ओढून बोल्ट तुटतो, लेन. सुटणारा निदान आधी खडखड तरी करतो. तुटणारा काही सांगत नाही."

लेनचं हसू मावळलं. तो हळू आवाजात म्हणाला, "हॉरेस, जेवायला जायच्या आधी तूच पुन्हा एकदा आवळलास. आठवतंय का?"

हॉरेसला आठवत नव्हतं. तो तिथे उभा राहून आठवायचा प्रयत्न करत राहिला, आणि त्याला प्रामाणिकपणे सांगता येईना की आपण तसं केलंच नाही. हात आपला, पण गेल्या दोन वर्षांत तो काय करतो ते पाहिल्याशिवाय कळत नव्हतं. त्याने बोल्ट ढिला केला, पुन्हा बेताने आवळला आणि नवी रेघ ओढली.

५

शुक्रवारी रेघ अर्धा फेरा पुढे होती.

लेन पेट्रोल भरून आणायला गेला होता. एल्सी वाटाणे आणि खारवलेल्या डुकराच्या मांसाचा डबा घेऊन आली. हॉरेस जेवत असताना ती मोटारीत चढून बसली, रुमाल बांधून पाहिला, आरशात स्वतःला पाहून जराशी लाजलीही. लग्नाला चाळीस वर्षं झाली तरी ती अशी लाजली की हॉरेसचं मन हलायचं.

"तू मंगळवारपासून गप्प आहेस," ती म्हणाली.

"काम आहे."

"काम तुला रोजच असतं. मला लपवाछपवी कळत नाही असं वाटतं का तुला? तुला या गाडीची भीती वाटतेय. बोल्टात खोट असेल तर सांग, मी पाऊल ठेवणार नाही. लेन फुरंगटला तर फुरंगटू दे."

"खोट नाही," तो म्हणाला. ते खरंच होतं. बोल्ट उत्तम होता, त्यानेच घडवला होता.

ती गेल्यावर त्याने पाना लावून बोल्ट काढायला घेतला. सुरुवातीला तो हलेना. मग एकदम सैल झाला आणि हॉरेसने पाना ठेवून तो बोटांनी फिरवला, त्याच पांढऱ्या बोटांनी. दोन वर्षांत त्या बोटांना काही कळलं नव्हतं. आता कळलं. बोल्ट त्याच्या बोटांविरुद्ध आपणहून फिरत होता. पुढे एक फेरा, मागे अर्धा. पुढे एक, मागे अर्धा. ताकद लावून नाही, घाईने नाही. जाणत्या माणसाचा हात होता तो.

हॉरेसने बोल्ट भराभर सोडवून बाहेर काढला. मग गॅरेजच्या दारापर्यंत जाऊन आला, रस्त्यावर दूधवाला होता त्याला हात केला. अशा वेळी माणूस स्वतःला विचारतो की आपण भ्यालो आहोत का, आणि हॉरेसने विचारलं, आणि उत्तर हो असं आलं. तरी तो परत गेला आणि बॅटरीचा उजेड पाडून भोकात पाहिलं.

आटे आत जात होते. पंचवीस, पस्तीस, आणि त्याच्याही पुढे, एकसारखे, स्वच्छ, तेल दिलेले. सगळ्यात शेवटी उजेड होता, पण तो बॅटरीचा नव्हता. करडा, उत्तरेच्या खिडकीतून येतो तसा. मग तो झाकला गेला. काहीतरी पांढरं भोकाच्या पलीकडच्या तोंडाशी आलं आणि आट्यांवरून सावकाश फिरलं. त्याला नख होतं.

नख कुठे अडखळलं नाही.

लेन परतला तेव्हा हॉरेस पायरीवर बसला होता. काय सांगायचं हे त्याने तोवर ठरवलं होतं. पाहिलं ते सांगितलं असतं तर लेनने डॉक्टरला बोलावलं असतं. त्यापेक्षा ज्यावर लेन विश्वास ठेवील ते सांगावं, मग त्यात स्वतःची अब्रू गेली तरी चालेल.

"लेन, माझी बोटं गेलीत," तो म्हणाला. "मला काही कळत नाही आता. मी आवळलेल्या बोल्टावर उद्या गाडी काढू नकोस."

लेन त्याच्या शेजारी बसला आणि त्याने हॉरेसच्या खांद्यावर हात ठेवला. मग उठून त्याने वेन्सबरीला बर्ट राउंडला फोन केला. बर्ट रेसच्या मोटारींवर काम करायचा, त्याच्या शब्दाला सगळे मान देत.

बर्ट चारला आला. त्याने चारही बोल्ट काढले, भोकांतल्या आट्यांची मापं घेतली, बोल्ट पुन्हा बसवले, मापाच्या पान्याने आवळले आणि पिवळ्या रेघा नव्याने ओढल्या.

"एकदम ठाकठीक," तो म्हणाला. "आणि ते चौथं भोक कुणी केलंय? असे आटे मी आयुष्यात पाहिले नाहीत. आरसा आहे आरसा."

"मी नाही केलं," हॉरेस म्हणाला.

बर्ट हसला. लेनने मान वळवून डोळे पुसले. संध्याकाळी एल्सीला सगळं कळलं तेव्हा तिने हॉरेसचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "एवढंच होतं होय?" ती म्हणाली. "आणि मी उगाच त्या गाडीला घाबरत होते." आता उद्या जायला तिच्या मनात काहीच आडकाठी उरली नव्हती.

६

शनिवारी सकाळी मोटार दारात उभी राहिली. एल्सी निळा रुमाल बांधून बाहेर आली तर हॉरेस आधीच तिच्या जागेवर बसलेला.

"मी जातो," तो म्हणाला.

"तू? गेल्या वर्षी बसमध्ये तुला उलटी झाली होती."

"मला समुद्र बघायचाय."

एल्सीने लेनकडे पाहिलं, लेनने खांदे उडवले. काल ज्या माणसाने आपला धंदा संपल्याचं कबूल केलं त्याला आज नाही कोण म्हणणार? तिने रुमाल सोडून हॉरेसच्या गळ्यात बांधला, चहाचा थर्मास त्याच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "शिंपला आण माझ्यासाठी." वळणावर गेल्यावरही ती फाटकात उभी होती. ती तिथेच राहिली, यात हॉरेसला पुरेसं समाधान होतं.

गावाबाहेर पडल्यावर त्याने पायफळी उचलली आणि चौथ्या बोल्टाला पाना लावला. ओढ सुरूच होती. पुढे एक फेरा आला की तो पान्याने रोखायचा, मागे अर्धा आला की सैल सोडायचा. पाच-सहा मैलांत त्याला तो ताल अंगवळणी पडला. पलीकडच्या माणसाचा त्याला राग येत नव्हता. त्यालाही त्याचं काम होतं, आणि तो ते नीट करत होता.

"लोक बघतायत," लेन म्हणाला. "त्यांना वाटेल गाडी तूच चालवतोयस."

"तू पुढे बघ."

लिकीच्या टेकडीवर चढण संपली आणि ओढ थांबली. हॉरेसने वाट पाहिली. शंभरपर्यंत मोजलं, पुन्हा शंभर मोजलं. बोल्ट स्थिर होता. त्याने पाना काढला, कमरेत भरून आलेली कळ सोसत मागे टेकला आणि थर्मासचं झाकण उघडलं. समोर लांबलचक उतार होता, दोन्ही बाजूंना झाडं, आणि खाली पुढच्या मोटारींची रांग.

चहा ओतताना त्याची नजर खाली गेली. तिसऱ्या बोल्टाची रेघ तुटली होती. दुसऱ्याचीही. पहिल्याचीही. तिन्ही डोकी एका तालात हलत होती, पुढे एक, मागे अर्धा, कारखान्यात रांगेने उभ्या माणसांचे हात हलायचे तशी. मग चौथंही त्यांना सामील झालं. इतके दिवस तो पलीकडे एकच माणूस आहे असं धरून चालला होता.

"लेन, गाडी थांबव."

"उतारावर? खाली गेलं की थांबवतो. तिथे एक बाई फार छान चहा देते."

हॉरेसने पाना तिसऱ्या बोल्टाला लावला, मग काढून पहिल्याला लावला. पाना एकच होता. खाली टक् असा बारीक आवाज झाला आणि चौथ्या बोल्टाचं डोकं पिवळ्या रेघेसकट त्याच्या बुटापाशी येऊन पडलं. लेन अजून त्या बाईच्या चहाबद्दलच बोलत होता.